हाताने वाढवलेली खार सोडल्यावर तिला किती दिवस खाऊ घालायचं?

प्रश्न मिरजेहून आला आहे. मार्चच्या मध्यात नारळाच्या झावळ्या उतरवताना घरटं खाली आलं. आत दोन पिल्लं, डोळे अजून न उघडलेली. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, आई आली नाही, म्हणून घरात घेऊन वाढवली. मेच्या अखेरीस मागच्या अंगणातल्या चिकूवर पिंजरा बांधून दार उघडून दिलं. त्याला आता तीन आठवडे झाले. नर, ज्याला घरात बंड्या म्हणतात, रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला स्वयंपाकघराच्या खिडकीत हजर असतो. हाक मारली की खांद्यावर चढतो, हातातून शेंगदाणे आणि मारी बिस्किट खातो. मादी चार दिवस आली आणि मग दिसेनाशी झाली. शेजारचे म्हणतात, खाणं आजच बंद करा, नाहीतर आयुष्यभर ऐतखाऊ राहील. सासूबाई म्हणतात, ऐन पावसात लेकराच्या तोंडचा घास कसा काढायचा? आता कोणाचं ऐकायचं?

सासूबाईंचं ऐका, पण निम्मंच. घास चालू ठेवा, हात काढून घ्या. आणि घासात काय असावं याबद्दल मात्र माझं तुमच्या सगळ्या घराशी भांडण आहे. ते पुढे येईलच.

आधी मादीबद्दल, कारण तिच्या काळजीने तुम्ही जास्त व्याकूळ झाला आहात असं पत्रावरून वाटतं. चार दिवसांत पाठ फिरवणारं पिल्लू हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं. तुम्ही सांगितलेल्या तारखांवरून ती सोडताना अकरा-बारा आठवड्यांची होती. आपल्याकडच्या खारीचं पिल्लू साधारण दहा आठवड्यांत दूध सोडतं, म्हणजे तिचं वय झालेलं होतं. ती मेली नसेलच असं मी म्हणत नाही. रानात जन्मलेली पिल्लंसुद्धा सगळी जगत नाहीत. शिक्रा आहे, कावळे आहेत, धामण आहे, आणि शहरात या सगळ्यांच्या वरताण मांजर आहे. पण ‘आली नाही म्हणजे मेली’ हा हिशेब चुकीचा. सकाळी सात ते नऊमध्ये चहाचा कप घेऊन अंगणात बसा आणि खिडकीच्या उंचीवर नाही, शेंड्याकडे बघा. शेपटी झटकत एकसारखं चिप्-चिप्-चिप् ओरडणारी खार दिसली तर ती कोणाला तरी घाबरून इतरांना सांगते आहे. ती तुमची असली तर अर्धी लढाई जिंकली, कारण घाबरायचं कोणाला हे तिला कळलं.

आता खाऊ घालायचंच कशासाठी, हे एकदा नीट समजून घेऊ. म्हणजे किती दिवस, याचं उत्तर आपोआप निघेल.

हाताने वाढवलेल्या खारीला कुरतडता येतं, सोलता येतं, उडी मारता येते, घरटं विणता येतं. यातलं काही शिकवावं लागत नाही. माझ्याकडे कापडी पिशवीत वाढलेल्या पिल्लांनीसुद्धा पहिल्याच आठवड्यात काथ्या ओढून गोळा केलेला आहे. त्यांना येत नाही ती एकच गोष्ट: परिसर. कोणता उंबर आत्ता पिकलाय, पाणी कुठे साचतं, कोणत्या गच्चीवर कुत्रा आहे, कोणत्या भिंतीवरून मांजर येतं, ढोलीत आधीच कोण राहतं. रानातलं पिल्लू घरट्यातून बाहेर पडल्यावरही काही दिवस आईच्या आसपास राहतं आणि तेवढ्यात हे सगळं त्याच्या डोक्यात बसतं. तुमच्या बंड्याला आईऐवजी खिडकी मिळाली. आपण जे खाणं ठेवतो ते पोट भरायला नसतं. डोक्यात हा नकाशा तयार होईपर्यंत उपाशी मरू नये, यासाठी ती उसनवारी असते. नकाशा व्हायला माझ्या अनुभवात सहा ते आठ आठवडे पुरतात. तुमचे तीन झाले. अजून चार-पाच द्या, पाऊस फार लागला तर एखादा जास्त.

‘ऐतखाऊ होईल’ ही भीती मला फारशी पटत नाही. सोळा-सतरा वर्षांत, बशी भरलेली आहे म्हणून फळ न खाणारी धडधाकट खार मी पाहिलेली नाही. खिडकीत दाणे खाऊन ती तशीच चिकूवर जाते आणि साल कुरतडते, मुंग्या-किडे वेचते, फुलं चोखते. फेब्रुवारीत सावर फुलली की समोर काहीही ठेवा, खारी तिकडेच पडलेल्या असतात. धोका खाण्याच्या सवयीचा नाही. धोका आहे तो माणसाच्या आणि वेळेच्या सवयीचा.

२००९ च्या पावसाळ्यात मी एक खार सोडली होती. तेव्हा मलाही तुमच्यासारखाच आनंद व्हायचा, हाक मारली की येते म्हणून. तीन महिने बाल्कनीत हातावर दाणे दिले. तिच्या लेखी दोन पायांवर उभं असलेलं काहीही म्हणजे शेंगदाण्याचं झाड झालं. एका सकाळी ती समोरच्या इमारतीत पेपर वाचत बसलेल्या आजोबांच्या लेंग्यावरून सरसर वर चढली. कोणीही दचकेल. त्यांनी पाय झटकला आणि ती भिंतीवर आदळली. ते आजोबा स्वतः तिला नॅपकिनमध्ये घेऊन माझ्या दारात आले होते, रडत. चूक त्यांची नव्हती.

दुसरी गोष्ट वेळेची. त्यानंतर मी शहाणी झाले, हातावर देणं बंद केलं आणि रोज बरोबर साडेसातला कठड्यावर बशी ठेवायला लागले. खारींना ती वेळ कळायला आठवडा लागला, सोसायटीतल्या बोक्याला तीन दिवस. सव्वासातला तो कुंड्यांच्या मागे येऊन बसायचा. तुमची आठची आणि पाचची वेळ ऐकून मला तोच बोका आठवला.

आता घासात काय आहे ते बघू. मारी बिस्किट आजपासून बंद. पीठ, साखर, तेल, मीठ. खारीच्या कामाचं त्यात काही नाही, आणि गोड लागतं म्हणून कामाचं खाणं ती बाजूला ठेवते. ब्रेड, शेव, फरसाण, खारे दाणे यांनाही हेच लागू. दूध पाजायचा काळही संपला.

शेंगदाण्याचं प्रकरण थोडं जास्त गंभीर आहे आणि त्यावर मला जरा वेळ घालवायचाय, कारण मेलेल्या किंवा लुळ्या होऊन आलेल्या पाळीव खारींपैकी कितीतरी माझ्या डोळ्यांसमोर शेंगदाण्यानेच गेल्या आहेत. हाडांसाठी कॅल्शियम लागतं आणि ते खाण्यातल्या फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही. शेंगदाण्यात उलटं आहे: फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ चौपट. सूर्यफुलाच्या बिया त्याहून वाईट, मका तर विचारूच नका. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. महिनाभर असं चाललं की हाडं खडूसारखी होतात. वरून काही दिसत नाही. खार गुटगुटीत असते, शेपूट झुबकेदार असते. आणि एक दिवस नेहमीच्या फांदीवरून उडी मारते आणि मागचे पाय फरफटत राहतात. त्यात पिल्लं घरात वाढलेली, म्हणजे ऊन न मिळालेली; ऊन नाही म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व नाही, म्हणजे पोटात गेलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. उन्हाचा प्रश्न बाहेर गेल्यावर सुटला. खाण्याचा तुमच्या हातात आहे.

बंड्या उडी चुकतो का, उतरताना मागचे पाय घसरतात का, हात थरथरतात का, हे दोन-तीन दिवस लांबून बघा. यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. त्याला पकडा आणि लहान प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. वेळेत सापडलं तर यातून प्राणी उठतो.

मग द्यायचं काय? जून आहे, तुमचं नशीब बरं आहे. जांभळं उतरली आहेत. उंबर कुठेतरी पिकलेला असतोच; मिळाला तर फळं तोडून बशीत घालू नका, पानांसकट फांदीच आणून चिकूला बांधा. त्याने खाणं आणि झाड यांची सांगड बसते, बशीची नाही. उंबराच्या जातीच्या फळांत कॅल्शियम चांगलं असतं आणि आतले किडे वरकड. शेवग्याचा कोवळा पाला रोज थोडा द्या. तो तर कॅल्शियमची खाणच, आणि मिरजेत शेवगा नाही असं अंगण विरळाच. मोड आलेली नाचणी चमचाभर: धान्यांमध्ये नाचणीच अशी की जिच्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. काकडी, दोडका, लाल भोपळ्याची फोड बियांसकट, पेरू. ओल्या खोबऱ्याचा तुकडा आठवड्यातून एकदा, करवंटीला चिकटलेलाच द्या, म्हणजे दातांना काम राहील. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. आणि समुद्रफेसाचा (माकुळाचं पांढरं, ठिसूळ हाड) एक तुकडा तारेने फांदीला अडकवून ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पक्ष्यांचं सामान विकणाऱ्याकडेही मिळतो. लागेल तेव्हा ती स्वतः घासून खाते.

शेंगा पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, एकदम केलं तर तो खिडकीशी हट्ट धरेल. दिवसाला दोन शेंगा, कच्च्या, टरफलासकट. पुढच्या पंधरवड्यात एक, मग शून्य. फक्त पावसाळ्यात त्या शेंगा डब्यातून काढताना वास घ्या. दमट हवेत शेंगदाण्यावर आणि मक्यावर बुरशी येते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृतावर बसतं. भाजूनही ते जात नाही. शंभर ग्रॅमच्या प्राण्याला त्याची फार मोठी मात्रा लागत नाही. खवट वाटलेला दाणा आपण थुंकतो, खार थुंकेलच असं नाही.

प्रमाण विचाराल तर माझं असं: सोडल्यावर पहिल्या आठवड्यात एका खारीला दिवसाला दोन मोठे चमचे, दोन वेळांत मिळून. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकच वेळ, सव्वा-दीड चमचा. त्यानंतर मोजत नाही, फक्त संध्याकाळी बशीत काय उरलं ते बघते. उरलेलं सगळं दिवेलागणीच्या आत उचलायचं. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. रात्री बशीतल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात. मग शेजारी वैतागतात आणि उंदरांचं औषध ठेवतात. सकाळी उठून ती गुलाबी-निळी वडी कुरतडणारा पहिला प्राणी तुमचा बंड्या असतो. कोणाच्याही मनात काही वाईट नसताना असं घडलेलं मी दोनदा पाहिलं आहे. शेजाऱ्यांना आजच जाऊन सांगा की औषध ठेवायचं असलं तर निदान आम्हाला कळवा. ते ‘खाणं बंद करा’ म्हणणारे शेजारी असले तर त्यांना बरंच वाटेल, तुम्ही रात्री बशी उचलता हे ऐकून.

आता हात काढून घ्यायचा कसा.

आजपासून हाक बंद. ‘बंड्या’ म्हणून हाक मारणं हे हातावर दाणे देण्यापेक्षाही वाईट. आज तुम्ही मारता, उद्या गल्लीतलं पोर मारेल. खिडकीला जाळी असली तर लावून घ्या. तो आला, जाळीवर चढला, बघत बसला तर बघू द्या. तुम्ही भाजी चिरत राहा, बोलू नका. खांद्यावर चढलाच तर झटकू नका, ओरडू नका. झाडाजवळ जाऊन स्थिर उभं राहा, उतरेल. उतरला की घरात जा. काही जण पाणी मारून, टाळ्या वाजवून पिल्लाला पळवून लावायला सांगतात. मी ते करत नाही. त्याने तो तुम्हाला घाबरेल, मांजराला नाही, आणि ज्या अंगणात त्याला अजून महिनाभर आसरा हवा आहे तेच अंगण त्याला परकं होईल. कंटाळवाणं होणं पुरतं.

बशी खिडकीतून हलवायची, पण एका दिवसात अंगणाच्या टोकाला नाही. दर दोन दिवसांनी हातभर. खिडकीची पट्टी, मग तिच्या शेजारचा पाइप किंवा वेल, मग चिकूची जवळची फांदी, मग चिकूचा बेचका. जमिनीवर कधीच नाही, आणि मांजर ज्या भिंतीवरून चालतं त्या भिंतीवरही नाही. जागा अशी हवी की खाताना तिच्या डोक्यावर आडोसा आहे आणि पळायला वरच्या दिशेने फांदी आहे. बेचक्यात पोचलात की बशीच काढून टाका. जांभूळ सालीच्या फटीत खोचा, शेवग्याचा पाला फांदीला बांधा, नाचणी खोडाच्या खाचेत टाका. शोधून खाल्लेला घास हा बशीतल्या घासापेक्षा तिला जास्त काही देतो. वेळ रोज बदला, आणि शक्यतो तुम्ही ठेवताना तो तिथे नसावा. मी उजाडायच्या आधी ठेवते. झोपेचं खोबरं होतं, पण महिनाभराचाच प्रश्न असतो. पाचव्या आठवड्यापासून एक दिवसाआड, सातव्यात आठवड्यातून दोनदा, मग बंद. मधे दोन दिवस तो आलाच नाही तर कळवळून जास्त ठेवू नका. तो कुठेतरी जेवला आहे.

पावसाबद्दल सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, फक्त कारण वेगळं. पावसाळ्यात खाणं कमी नसतं. उलट पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं निघतात तेव्हा खारींची चंगळ असते. अडचण झडीची. दोन-तीन दिवस एकसारखा पाऊस लागला की खार घरट्यातून फारशी निघत नाही, आणि निघाली तर भिजते. एवढ्याशा अंगाची ऊब भिजल्यावर झपाट्याने जाते. तेव्हा झड लागली की खाणं कमी करायचा क्रम थांबवा आणि बेचक्यात आडोशाला नेहमीच्या दीडपट ठेवा, थोडं तेलकटही चालेल, खोबऱ्याचा तुकडा वगैरे. उघडीप मिळाली की परत क्रमावर. पाऊस पडतोय म्हणून त्याला घरात मात्र आणू नका. एक रात्र घरात झोपवलेली खार पुढचे आठ दिवस दारावर नखं घासते.

घरात कधी आणायचं ते सांगते: दिवसभर एकाच जागी फुगून बसलेली, डोळा चिकटलेला, शेपटीखाली ओलं, चालताना कलंडणारी, किंवा मांजराच्या तोंडातून सुटलेली. हे शेवटचं महत्त्वाचं. मांजराचा दात लागलेली जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि दोन दिवसांत सगळं अंग सडवते. रक्त नाही, चालतेय फिरतेय, असं म्हणून सोडू नका; त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. पकडताना तो तुम्हाला चावला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पाच-सहा महिन्यांचे नर मायेच्या माणसालाही चावतात, तो मोठा झाल्याचा पुरावा असतो. उंदीर-खारींच्या चाव्यासाठी साधारणपणे रेबीजची लस लागत नाही, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

तुम्ही इंटरनेटवर वाचून अक्रोड आणि पेकन आणायचा विचार करता आहात असंही लिहिलं आहे. पैसे वाचवा. तिथली बहुतेक माहिती अमेरिकेतल्या करड्या खारीची आहे. ती अर्धा किलोची, हिवाळ्यासाठी बिया पुरून ठेवणारी. तिच्यासाठी सांगितलेलं वेळापत्रक, पेटीचं माप, हिवाळाभर खाऊ घालणं, हे आपल्या शंभर ग्रॅमच्या पट्टेवाल्या खारीला जसंच्या तसं लावता येत नाही. आपली खार फुलं, फळं, किडे यांच्यावर बारमाही जगते, आणि माणसाच्या वस्तीत तिच्याइतका तगणारा प्राणी क्वचितच. पाच पट्ट्यांच्या खारी १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडल्या आणि त्यांची पिलावळ परक्या देशातल्या बागांमध्ये शंभर वर्षांहून जास्त टिकली. तेव्हा मिरजेतल्या चिकू-नारळाच्या अंगणात बंड्या उपाशी मरेल ही काळजी सोडा. (जाता जाता, हे वाचणारं कोणी इंग्लंडात असेल तर तिथे करडी खार वाढवून परत सोडणं २०१९ पासून बेकायदा आहे. आपली माया तिथल्या कायद्यापुढे चालणार नाही.)

कायद्याचं निघालंच आहे तर एक अप्रिय गोष्टही सांगते. आपल्याकडेही खार हा वन्यजीव आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरी पाळता येत नाही. तुम्ही वाढवून सोडलीत, ठेवून घेतली नाहीत, म्हणून मी तुम्हाला रागावत नाही. पण पुढच्या वेळी पिल्लू सापडलं की पहिला फोन वनविभागाला, १९२६ या क्रमांकावर. पुण्यात बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहेत, तिथे हेच काम रोज चालतं. आणि फोन करतानाच पिल्लं उबदार खोक्यात घालून त्याच झाडाला, सावलीत, मांजर पोचणार नाही एवढ्या उंचीवर बांधा आणि लांब जा. बरेचदा आई परत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आपण खाली घोळका करून उभे असतो म्हणून ती येत नाही. नारळवाल्यालाही सांगून ठेवा की झावळ्या उतरवण्याआधी शेंड्यात गवत-काथ्याचा गोळा दिसला तर दोन महिने थांब. तो हसेल, पण थांबेल.

सासूबाईंना बंड्या दिसत राहावा असं वाटतं, त्याला माझी ना नाही. त्यासाठी खाण्याची गरज नाही. मातीचं उथळ परळ चिकूखाली टांगा, त्यात बुडणार नाही एवढा दगड, पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतील. पाणी बाराही महिने ठेवलं तरी चालतं. त्याने खार माणसाळत नाही, आणि बंड्याबरोबर अजून चार जणी येतील. त्यातला तुमचा कोणता, हे महिन्याभराने ओळखू येणार नाही, म्हणून आत्ताच कानांचे आणि शेपटीच्या टोकाचे जवळून फोटो काढून ठेवा. कानाला एखादी खाच असतेच.

पिंजरा उतरवला नसाल तर दिवाळीपर्यंत उतरवू नका. दार पूर्ण काढून टाका, नुसतं उघडं ठेवलं तर वाऱ्याने आपटून बंद होतं. आतल्या झोपायच्या खोक्यात जुन्या टॉवेलचे धागे सुटलेले तुकडे असतील तर काढून काथ्या भरा. सुटा धागा पायाला गुंडाळला की बोट काळं पडतं. आणि खोक्याचं तोंड तुम्ही स्वयंपाकघराच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला ठेवलंय असं लिहिलं आहे. सगळा पाऊस त्याच अंगाने येणार. ते आज उजेड आहे तोवर पूर्वेकडे फिरवून घ्या.